परमुलखातील शुश्रूषा व मृतांचा मान



गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतील एक मुलगी आम्हांस भेटावयास आली. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ती एका इस्पितळात कामास आहे, आणि साथीच्या काळात परदेशी स्वयंसेवक धाडणाऱ्या एका संस्थेकडे आपले नाव द्यावे असा तिचा मानस आहे. अर्जास पाळकाची शिफारस जोडावयाची होती. ती आम्ही आनंदाने लिहून दिली. निघताना उंबरठ्यावर थांबून तिने विचारले, “पाळकसाहेब, तिकडच्या लोकांची एखादी रीतच रोग पसरविणारी असली, तर ती मोडावी की पाळावी?” आम्ही क्षणाचाही विचार न करिता म्हणालो, “मोडावी, बाई. आधी जीव, मग रीत.” तिने मान हालविली व ती गेली. परंतु इतक्या थोड्या शब्दांत दिलेले उत्तर बहुधा अपुरे असते, हे पुढे दोनतीन रात्री आमच्या ध्यानात येत राहिले. म्हणून तोच प्रश्न आज आपल्यापुढे मांडून त्याचा थोडा सविस्तर विचार करावा असे योजिले आहे.

खेड्यातील वाचक म्हणतील, परदेशी जाणारी मुले किती, आणि आम्हांस त्याचे काय? त्यांनी थोडे थांबावे. जो कोणी दुसऱ्याच्या दारात औषध, पुस्तक किंवा उपदेश घेऊन उभा राहतो, मग ते दार आफ्रिकेत असो वा ओढ्यापलीकडच्या वस्तीत, त्या प्रत्येकास हा प्रश्न कधी ना कधी पडावयाचाच. आपल्या उपदेशक बंधूंस तर तो आठवड्यातून एकदा पडत असेल.

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया असे तीन लहान देश एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या सीमा जेथे मिळतात तेथे किस्सी नावाचे लोक राहतात. युरोपियन राज्यकर्त्यांनी नकाशावर रेघा ओढिल्या तेव्हा हे लोक तिन्ही देशांत वाटले गेले. परंतु सोयरीक, बाजार व मयत यांस त्या रेघा ठाऊक नाहीत. या मुलखातील मेलियांडू नावाच्या खेड्यात डिसेंबर 2013 मध्ये एक लहान मूल तापाने दगावले. तो ताप इबोला नावाच्या रोगाचा होता, हे जगास मार्च 2014 मध्ये समजले. तोपर्यंत रोग गावोगाव पोहोचला होता. साथ आटोपली तेव्हा 28,600 हून अधिक लोकांस रोग झाला होता व 11,300 हून अधिक मरण पावले होते. मेलेल्यांत पाचशेंहून अधिक वैद्य, परिचारिका व इतर आरोग्यसेवक होते.

हा रोग वाऱ्याने येत नाही. रोग्याचे रक्त, वांती, जुलाब, घाम यांच्या स्पर्शाने तो येतो, आणि मनुष्य मरतो त्या वेळी त्याच्या शरीरात रोगाचे विष सर्वांत अधिक असते. म्हणजे जो रोग्याजवळ बसेल, त्याचे तोंड पुशील, त्यास उचलून घेईल आणि मेल्यावर त्यास न्हाऊ घालील, त्यासच तो गाठावयाचा. प्रेमाची जी जी कृत्ये आहेत तीच रोगाची वाट. पुष्कळ दिवस आमच्या मनातून ही गोष्ट गेली नाही. निष्काळजी मनुष्य, जो आजारी भावाकडे फिरकलाही नाही, तो वाचला. आणि जी बहीण रात्रभर बसून राहिली ती गेली.

त्या देशांत मृताचा मान फार मोठा आहे. नातलग प्रेतास स्नान घालितात, केस विंचरितात, चांगले वस्त्र नेसवितात. कित्येक ठिकाणी दुरून आलेले सोयरे प्रेतास स्पर्श करून निरोप घेतात. मुसलमान तेथे पुष्कळ आहेत व ख्रिस्तीही आहेत. दोघांतही हे चालते. नीट निरोप न मिळालेला मनुष्य पूर्वजांत जाऊन मिळत नाही व घरास सुख लाभू देत नाही, असा जुना समज त्याच्या खाली आहे. आपण यास हसू नये. पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रिया हातात काय घेऊन निघाल्या होत्या व कशासाठी, हे आपल्यास ठाऊक आहे. मेलेल्या देहाची सेवा करावी ही इच्छा कोणा एका धर्माची नाही.

अशा ठिकाणी जगातील निरनिराळ्या देशांतून स्वयंसेवक गेले. क्यूबासारख्या लहानशा देशाने ऑक्टोबर 2014 मध्ये एकट्या सिएरा लिओनला 165 वैद्य व परिचारक धाडिले. जाणाऱ्यांस तेथील उकाड्यात अंगभर रबरी व प्लास्टिकचा पोशाख घालावा लागे. थोड्या वेळात आत घामाचे पाणी होई, आणि बाहेरून केवळ डोळे दिसत. रोग्यास आपली शुश्रूषा करणाऱ्याचा चेहरा कधी दिसलाच नाही. लायबेरियात हस्तांदोलन करिताना शेवटी दोघे मिळून बोटांनी चुटकी वाजवितात. ती त्यांची ओळख, त्यांचा रामराम म्हणा. 2014 मध्ये ती चुटकी बंद झाली. दारोदारी क्लोरीनच्या पाण्याच्या तोटीदार बादल्या आल्या, आणि माणसे एकमेकांपासून हात मागे घेऊन उभी राहू लागली. त्या लोकांत भात खाल्ल्याखेरीज जेवण झाले असे म्हणत नाहीत. मग इतर काही कितीही खाल्लेले असो. आपल्या देशावरची भाकरी व कोकणचा भात ज्यास ठाऊक आहे त्यास हे समजावून सांगावयास नको. अशा लहान गोष्टी स्वयंसेवक पहिल्या आठवड्यातच शिकून येतो व घरी येऊन कौतुकाने सांगतो. परंतु लोकांची खरी रीत त्याच्या आड कोठे येते, तर ती मयताच्या वेळी येते. आणि तेथे कौतुक चालत नाही.

आता काय घडले ते पाहा. प्रथम सरकारांनी व बाहेरून आलेल्यांनी गावोगाव सांगितले की, इबोलास औषध नाही, इबोला मारतो. हेतू असा की लोकांनी भिऊन सावध व्हावे. लोक भ्याले खरे, पण त्यांनी सरळ हिशेब केला: औषध नाही, तर मग रोग्यास तुमच्या तंबूत का न्यावे? तेथे एकटे मरण्यापेक्षा घरी आईच्या मांडीवर मरू द्या. मग पोशाखधारी मंडळी गाडी घेऊन येत, प्रेतावर औषधी पाणी फवारीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन जात. कोठे पुरले हे पुष्कळदा घरच्यांस कळतही नसे. रोगालयाभोवती उंच कुडे; आत नेलेला माणूस पुन्हा दिसत नसे. लोक म्हणू लागले की, आत रक्त व काळीज काढून विकितात; फवाऱ्यातूनच रोग येतो. परिणाम असा की आजारी लपविले जाऊ लागले, प्रेते रात्री गुपचूप धुऊन पुरली जाऊ लागली. म्हणजे रीत मोडावी म्हणून जी घाई केली तिने रीत मोडली नाहीच. ती केवळ अंधारात गेली, जेथे तिच्यावर कोणाची नजर राहिली नाही.

सप्टेंबर 2014 मध्ये गिनी देशातील वोमे या गावी रोगाची माहिती सांगावयास गेलेल्या मंडळींपैकी आठ जणांस जमावाने ठार मारिले. त्यांत आरोग्यखात्याचे लोक होते, वार्ताहर होते, आणि त्याच मुलखातील एक ख्रिस्ती सेवकही होता. मारणाऱ्यांचा अपराध आम्ही झाकीत नाही. निरपराध्यांचे रक्त ते रक्तच. परंतु भीतीने वेडा झालेला गाव एका दिवसात तसा होत नाही. कित्येक महिने त्याचे ऐकले गेलेले नसते.

लायबेरियाची हकीकत याहून आम्हां हिंदी लोकांस जवळची आहे. ऑगस्ट 2014 मध्ये राजधानी मनरोव्हियात प्रेते रस्त्यावर पडू लागली. पुरावयास जागा देण्यास शेजारचे लोक तयार होईनात. तेव्हा सरकारने प्रेते जाळण्याचा हुकूम केला. जाळावयाचे कोठे? शहराबाहेर तेथल्या भारतीय व्यापारी लोकांनी आपल्या हिंदू बांधवांसाठी एक दहनभूमी बांधिली होती. ती कामास आली. वाचकहो, विचार करा. ज्या अग्नीस आपले हिंदू शेजारी सद्गतीचे दार मानितात, ज्याच्यासाठी थोरला मुलगा मुंबईहून रात्रीची गाडी धरून येतो, तोच अग्नी लायबेरियन आईस आपल्या मुलाची विटंबना वाटला. अग्नी एकच, भट्टी एकच. त्या देशात मार्चच्या दुसऱ्या बुधवारी सर्व लोक कबरस्तानात जाऊन कबरी झाडितात, धुतात, चुना लावितात. सरकारी सुटी असते. ज्यांची माणसे जाळली गेली त्यांस झाडावयास कबरच राहिली नाही. पुष्कळांनी मग रोग्यास इस्पितळात नेण्याचेच टाळिले, कारण तेथे मेला तर जाळतील. डिसेंबर 2014 मध्ये शहरापासून काही अंतरावर डिस्को हिल नावाच्या जागी नवे कबरस्तान उघडले व जाळणे थांबविले गेले. पुढच्या मार्चमध्ये दहनभूमीतील साठविलेली रक्षाही तेथे आणिली गेली. बाया तेथे येऊन रडल्या. निदान कोठे रडावे हे त्यांस कळले.

येथे कोणी म्हणेल, “मग काय, प्रेतास न्हाऊ घालू द्यावे काय?” नाही. मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वेळी म्हटले होते की, नव्या रोग्यांपैकी शेकडा 20 तरी मयताच्या विधीतून रोग घेत आहेत. मे 2014 मध्ये सिएरा लिओनमध्ये एका नामांकित वैदूबाईच्या मयतास जमलेल्या स्त्रियांतूनच त्या देशातील साथीस आरंभ झाला. तेव्हा स्नान बंद झालेच पाहिजे होते. त्यात तडजोड नव्हती. आमचा प्रश्न निराळा आहे. एका रीतीत दहा गोष्टी असतात. त्यांपैकी मारणारी एक, किंवा दोन. कोणती मारते हे वैद्य सांगू शकतो. परंतु उरलेल्यांपैकी कोणती गेली असता मयत झालेच नाही असे घरच्यांस वाटेल, आणि कोणती गेली तरी चालेल, हे वैद्यास ठाऊक नाही. पुस्तकातही लिहिलेले नाही. ते त्या घरच्या म्हातारीस ठाऊक आहे. तिला विचारावे लागते.

आणि जेव्हा विचारिले गेले तेव्हा काय झाले तेही सांगतो. गिनीतील किस्सी लोकांत एक गर्भवती स्त्री त्या रोगाने मरण पावली. त्या लोकांची रीत अशी की, पोटातील मूल बाहेर काढल्यावाचून आईस पुरावयाचे नाही. दोन जीव एका कबरेत गेले तर सगळ्या गावावर अरिष्ट येते. वैद्यांनी स्पष्ट सांगितले की तसे शस्त्रकर्म म्हणजे करणाऱ्याचे मरण. ते खरेच होते. गावकरी म्हणत, काढल्यावाचून पुरू देणार नाही. तेही त्यांच्या मते खरेच होते. दोन्ही बाजू हटेनात आणि प्रेत तसेच. त्या वेळी आरोग्य संघटनेबरोबर ज्युलियेन अनोको नावाच्या एक विदुषी काम करीत होत्या. लोकांच्या रीतीभातींचा अभ्यास हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी गावच्या वृद्धांस विचारिले, “पूर्वी कधी असे झाले असेल की मूल काढता आले नाही, तेव्हा तुमच्या वाडवडिलांनी काय केले?” आणि उत्तर निघाले. अशा प्रसंगी करावयाचा एक शांतीचा विधी होता, तो जाणणाराही सापडला. विधी झाला, त्याचा खर्च संघटनेने सोसला, आणि ती स्त्री पोटातील मुलासह सुरक्षितपणे पुरली गेली. कोणास रोग झाला नाही, कोणाचा हात उठला नाही.

हे वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. आमच्याही पडली होती. विधर्मी विधीस पैसा द्यावा काय? जे सोडून आपले आजेपणजे बाहेर आले त्याचाच खर्च आरोग्याच्या नावाने करावा काय? आमच्या एका विद्वान स्नेह्याचे मत असे की, ती संघटना धर्मसंस्था नव्हे, तिने जे केले ते योग्य केले. ख्रिस्ती स्वयंसेवक तेथे असता तर त्याने स्वतः पैसा दिला नसता तरी आडवेही आले नसते. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण ते आपले हात स्वच्छ ठेवून काम दुसऱ्याकडून करवून घेते. आम्ही इतकेच म्हणतो: त्या विदुषीने कोणत्याही देवास नमस्कार केला नाही. तिने एका शोक करणाऱ्या घरास त्याची मृत स्त्री परत दिली. श्रद्धेचा प्रश्न त्या गावाचा होता. प्रेताचा प्रश्न सर्वांचा होता. या दोहोंमध्ये रेघ नेमकी कोठे पडते याविषयी ज्या बंधूंचे मत आमच्याहून भिन्न असेल त्यांनी अवश्य कळवावे.

नोव्हेंबर 2014 मध्ये आरोग्य संघटनेने मृतांस सुरक्षितपणे व मानाने पुरण्याचे नवे नियम प्रसिद्ध केले. ते करिताना तिने रेडक्रॉसच्या मंडळींबरोबर ख्रिस्ती व मुसलमान दोन्ही धर्मांच्या संस्थांस बोलाविले होते. नियम वाचण्याजोगे आहेत. प्रेत नेणाऱ्यांनी पोशाख घालून येऊ नये. आधी साध्या कपड्यांत, उघड्या चेहऱ्याने यावे, घरच्यांस भेटून दुःख व्यक्त करावे, काय करणार ते सांगावे, त्यांची संमती घ्यावी, आणि मग त्यांच्यासमोर पोशाख चढवावा. मुसलमान असल्यास पाण्याच्या स्नानाऐवजी कोरडी शुद्धी करावी व पांढरे कफन द्यावे. घरच्यांनी दिलेले वस्त्र किंवा आवडीची वस्तू पेटीत ठेवावी. प्रार्थनेस वेळ द्यावा. कबरेवर नाव लिहावे. पाहा, यांत औषध एकही नाही, यंत्र एकही नाही. काही ठिकाणी रोगालयांची कुडेही ठेंगणी व आरपार दिसतील अशी केली गेली, म्हणजे आप्तांस दुरून का होईना आपले माणूस दिसावे. या गोष्टी पहिल्या महिन्यात सुचण्यास कोणती अडचण होती? अडचण एवढीच की, देणारा घाईत होता व घेणाऱ्यास आपल्यापाशी सांगण्यासारखे काही असेल हे त्याच्या मनात आले नाही.

नुसत्या सद्भावनेने काय होते याचे एक जुने व कठीण उदाहरण याच रोगाच्या जन्मकथेत आहे. 1976 मध्ये झैर म्हणजे आताच्या काँगो देशात, यांबुकू गावच्या कॅथलिक मिशनच्या इस्पितळात हा रोग प्रकट झाला. तेथल्या बेल्जियन भगिनी जीव ओतून काम करीत. परंतु दररोज सकाळी परिचारिकांस इंजेक्शनच्या पाचच पिचकाऱ्या व सुया मिळत, आणि दोन रोग्यांच्या मध्ये त्या उकळून घेतल्या जात नसत; केवळ कोमट पाण्यातून काढीत. गर्भवती स्त्रिया शक्तीची सुई घ्यावयास येत व मरण घेऊन जात. त्या साथीत 318 पैकी 280 मेले, इस्पितळाच्या सतरा सेवकांपैकी अकरा गेले, भगिनीही गेल्या. त्यांच्या त्यागाविषयी आम्ही एक अक्षर वाईट लिहिणार नाही. परंतु रीत केवळ खेडुतांचीच रोग पसरविते असे समजणाऱ्यांनी ती कोमट पाण्याची वाटी स्मरणात ठेवावी. तीही एक रीतच होती, आणि ती बाहेरून आली होती.

आपल्याच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव येथे आल्यावाचून राहत नाही. 1938 मध्ये चीन देश जपानशी लढत असता हिंदुस्थानातून पाच डॉक्टर त्याच्या मदतीस गेले. त्यांत हे एक, व नागपूरचे डॉ. चोळकर दुसरे. इतर चौघे परतले. कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, शेतकऱ्यांचे अन्न खाऊ लागले. तेथील लोकांनी त्यांस के दिहुआ असे आपल्यातले नाव दिले. चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि मुलाचे नाव यिनहुआ ठेविले. यिन म्हणजे भारत व हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. असा मनुष्य रीत मोडावी की पाळावी हे विचारीत बसत नाही. तो घरचाच होऊन जातो. पण त्यांस चार वर्षे मिळाली, आणि त्यांनी आपले सर्व आयुष्य दिले. आमच्या मंडळीतील मुलीस मोठी रजा मिळाली तर सहा आठवड्यांची मिळेल. सहा आठवड्यांत कोणी किस्सी भाषा शिकत नाही. अशा अल्पकाळच्या सेवकाने शहाणपणाचे ढोंग करू नये, ही पहिली गोष्ट. आणि ज्यास भाषा येते अशा तेथल्याच मनुष्याच्या एक पाऊल मागे उभे राहावे, ही दुसरी. त्या साथीत प्रेते उचलण्याचे काम मुख्यत्वे तेथल्याच तरुणांनी केले. परदेशी स्वयंसेवक घरी परतल्यावर पुष्कळांचे सत्कार झाले. या तरुणांस त्यांच्याच शेजाऱ्यांनी वाळीत टाकिले, कित्येकांस घरातून बाहेर काढिले. वर्तमानपत्रांत त्यांची नावे फारशी आली नाहीत.

आपल्या मंडळ्यांस हा विषय अगदी परका नाही, हेही सांगून टाकितो. आपले वाडवडील प्रभूकडे आले तेव्हा कुंकू, मंगळसूत्र, टाळमृदंग यांपैकी काय सोडावे व काय ठेवावे याचा निकाल पुष्कळदा समुद्रापलीकडून आलेल्या सद्गृहस्थांनी दिला. ते प्रेमळ होते. त्यांनी आपल्यास शाळा दिल्या, दुष्काळात अन्न दिले. परंतु मृदंगात मूर्तिपूजा किती आणि नुसता ताल किती, हे त्यांस कसे कळावे? ते सांगावयास पुढे रे. नारायण वामन टिळकांसारखा घरचाच मनुष्य यावा लागला, आणि त्यांनी कीर्तन व अभंग उपासनेत आणिले. आज आपण टाळ वाजवून गातो तेव्हा त्यात कोणास पाप दिसत नाही.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगावयाची आहे. खरे म्हणजे तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

सन 2020 मध्ये करोनाच्या साथीत आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी शहराच्या इस्पितळात वारली. तिची मुलगी कबरस्तानाच्या फाटकापाशी उभी होती. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साडी होती. आईने स्वतःच्या मयतासाठी म्हणून कित्येक वर्षे पेटीत जपून ठेविलेली. तिने आम्हांस विचारिले, “पाळकसाहेब, एवढी साडी आईच्या अंगावर घालता येईल का? नुसती वरून टाकली तरी चालेल.” गाडीबरोबर आलेल्या माणसांकडे आम्ही पाहिले. ते पोशाखात होते, दमले होते, त्या दिवशीचे ते त्यांचे कितवे काम होते कोण जाणे. आम्ही त्यांस काही विचारिले नाही. आम्ही तिला म्हणालो, “बाई, नियम आहे. आता हट्ट करू नका.” तिने हट्ट केला नाही. दहा मिनिटांत सर्व आटोपले. आम्ही दुरून प्रार्थना केली व घरी येऊन गरम पाण्याने स्नान केले.

पुढे काही महिन्यांनी सरकारचे 15 मार्च 2020 चे ते पत्रक आमच्या हाती आले. त्यात लिहिले होते की, स्नान घालू नये, मिठी मारू नये, मुका घेऊ नये. परंतु सेवकाने पिशवीचे तोंड उघडून आप्तांस शेवटचा चेहरा दाखवावा, आणि प्रेतास स्पर्श न होईल असे धर्मविधी करू द्यावेत. म्हणजे ज्या नियमाचे नाव आम्ही त्या मुलीस सांगितले त्याच नियमाने तिला आईचा चेहरा दिला होता. आणि दुरून वरून टाकावयाच्या साडीविषयी त्यात मनाई नव्हती. नियम आम्ही वाचलाच नव्हता. आम्ही परमुलखातून आलेले नव्हतो, तिची भाषा आम्हांस येत होती, तिच्या आईस आम्ही वीस वर्षे ओळखीत होतो. तरी आम्ही विचारिले नाही.

ते पत्रक घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो व तिला वाचून दाखविले. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले, चहा केला. मग म्हणाली, “साडी अजून पेटीतच आहे, पाळकसाहेब. तिचे आता काय करावे?” आम्ही म्हणालो, “तुम्हांस काय करावेसे वाटते?” ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की, पुढच्या पावसाळ्यापूर्वी कबर बांधून घेईन, त्या दिवशी तुम्ही या. साडी तेव्हा आणीन. ती कबर अजून बांधावयाची आहे. आम्ही त्या दिवसाची वाट पाहत आहो, आणि परिचारिकेचे काम करणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीस आज एक पत्र लिहिले आहे, की त्या दिवशी उंबरठ्यावर दिलेले उत्तर आम्ही मागे घेतो व तिने एकदा सवडीने येऊन जावे.